जागा सगळ्यांनी मिळून, घर ज्याचं त्यानं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या गावात 16 कुटुंबांना स्वतःची जागा नाही. काही जण भावाच्या घरात एका खोलीत राहतात, काहींच्या झोपड्या ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर आहेत. 9 जणांना प्रधानमंत्री आवासचं घरकुल मंजूर आहे, पण जागेवाचून काम अडलं आहे. 3 कुटुंबं कोलाम आदिवासी आहेत, 2 अनुसूचित जातींसाठीच्या रमाई आवासची वाट बघत आहेत, आणि 2 कुटुंबांचं नाव कोणत्याच यादीत नाही. रस्त्यालगतचं एक एकर वावर मालक 8 लाखांत द्यायला तयार आहे आणि दिवाळीआधी 1 लाख इसार मागतो. तालुक्याचा एक कंत्राटदार म्हणतो, सगळ्यांचे हप्ते माझ्याकडे वळवा, 16 घरं एका रांगेत बांधून देतो. तुम्ही ग्रामसंघाचं, म्हणजे बचतगटांच्या संघाचं काम बघता म्हणून लोक तुम्हालाच विचारतात: संस्था काढायची का, वावर घ्यायचं का, कंत्राट द्यायचं का?

मी स्थापत्य अभियंता आहे. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात गावकऱ्यांसोबत घरांचं काम करत आलो आहे, आणि त्या कामातून जे दिसलं तेच सांगतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: ही 16 कुटुंबं कोणत्या गोष्टी एकत्र करणार आणि कोणत्या आपापल्या करणार? हे ठरवल्याशिवाय संस्था काढली तर ती कागदावर राहते, आणि कंत्राट दिलं तर लोक आपल्याच घराच्या कामाकडे पाहुण्यासारखे बघत राहतात. माझं मत पक्कं आहे. जागा मिळवणं, सामान घेणं आणि देखरेख हे सगळ्यांनी मिळून करावं. घर मात्र ज्याचं त्यानं, आपल्या गरजेप्रमाणे आणि आपल्या सोयीनं उभं करावं. म्हणून इसार आज देऊ नका, कंत्राट तर देऊच नका, आणि एकत्र राहणं सोडू नका.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. वावर गावठाणापासून किती लांब आहे, त्याच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2 (वर्ग-2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही), मालक आदिवासी आहे का, खाली मुरूम किती फुटांवर लागतो, तुमचं गाव अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतं का (घाटंजी तालुक्यातली काही गावं येतात), हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे जिथे उत्तर बदलू शकतं तिथे तसं सांगत जातो.

आधी जागेबद्दल. वावर विकत घेण्याआधी गावातच जागा आहे का हे कसून बघा. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक गावठाणात पडकी घरं असतात. माणसं नागपूर-पुण्याला गेली, भिंती पडल्या, अंगणात बाभळी उगवल्या. अशा जागांचे मालक बहुतेक वेळा विकायला राजी असतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. तुमच्या ग्रामसंघाच्या बायांना प्रत्येक गल्लीतली रिकामी घरं माहीत आहेत. त्यांना सोबत घेऊन यादी करा. 16 पैकी 5-6 कुटुंबांची सोय जरी गावठाणात झाली, तरी तुमचं अर्धं ओझं उतरतं. तिथे रस्ता आहे, नळ आहे, विजेचा खांब आहे, आणि रात्री-बेरात्री हाक मारली तर ऐकणारं माणूस आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीचा उतारा. त्यावर नाव असलं म्हणजे जागा मालकीची झाली असं होत नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन सनद, म्हणजे मालकीचा कागद, निघाली असेल तर ती बघा. निघाली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून जुनी नोंद काढा. पडक्या घराचा व्यवहार निव्वळ नमुना 8 बघून करू नका.

ई-क्लासवर झोपड्या असलेल्यांचं काय? शासनाने 2018 मध्ये ग्रामीण भागातली शासकीय जमिनीवरची राहण्याची अतिक्रमणं नियमानुकूल करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी 1 जानेवारी 2011 च्या आधीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो: जुनी मतदार यादी, कर पावती, वीज बिल, रेशनकार्डावरचा पत्ता. तुमच्यापैकी कोणाकडे असे कागद असतील तर त्यांची प्रकरणं वेगळी काढून आधी दाखल करा. पण जमीन गुरचरण म्हणून नोंदलेली असेल तर गोष्ट अवघड होते. सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल कडक आहे. त्यात अपवादही ठेवले आहेत, उदाहरणार्थ सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल तर. असा जुना पट्टा कोणाच्या पेटीत पडला आहे का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. ई-क्लास ही सरकारची जमीन आहे. सरपंचांनी ठराव करून ती वाटता येत नाही, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडून यावा लागतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना: तुमच्याकडे हीच अडचण महसुली नोंदीत झुडपी जंगल लिहिलेल्या जमिनीची आहे. मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर झुडपी जंगल हे वनच धरलं जातं, त्यामुळे तिथे घरकुलाचा पाया खोदण्याआधी वन विभागाचा लेखी शब्द घ्या.

आता त्या एक एकराकडे येऊ. 8 लाख भागिले 16, म्हणजे घरटी 50 हजार, असा सरळ हिशोब तुम्ही केला आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत पूर्वी 50 हजारांपर्यंत मदत मिळायची, 2024 मध्ये ती 1 लाखापर्यंत वाढवली. त्यामुळे रक्कम आवाक्यात वाटते, आणि ती खरंच आवाक्यात आहे. अडचण कायद्याच्या तीन दारांची आहे.

पहिलं दार कूळ कायद्याचं. विदर्भाला 1958 चा वेगळा कूळ कायदा लागू आहे आणि शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर त्यात बंधन आहे. ज्यांच्या नावावर कधी वावरच नव्हतं अशी माणसं, किंवा तुम्ही काढाल ती संस्था, शेतकरी ठरत नाही. दुसरं दार तुकडेबंदीचं. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठे पाडून विकता येत नाहीत. घरकुल लाभार्थ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने लहान तुकडा घेण्याची वाट नियमांत आहे, पण ती परवानगी आधी हातात हवी. तिसरं दार आदिवासी जमिनीचं. मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे मंजुरीशिवाय बिगरआदिवासीला ती घेता येत नाही. तुमच्या भागात सातबारा बघितल्याशिवाय हे गृहीत धरू नका.

या तीन दारांना वळसा घालायचा म्हणून एखादा दलाल सुचवेल की सगळ्यांनी मिळून पूर्ण एकर एकाच सातबाऱ्यावर घ्या, 16 नावं लावा, आत आपापसांत वाटून घ्या. हे करू नका. सामाईक सातबाऱ्यावर कोणाची हद्द कुठे हे कोणत्याच कागदावर नसतं. एका घरात वारसाचा वाद लागला, एकाने दारूपायी हिस्सा गहाण टाकला, की 16 ही घरं अडकतात. घरकुलाचा अभियंता जिओ टॅग करायला, म्हणजे फोटोसह जागेचं ठिकाण नोंदवायला येतो तेव्हा लाभार्थ्याची स्वतःची जागा मागतो, आणि "ती त्या लिंबापासून इकडची" असं सांगून भागत नाही. चांगल्या मनाने एकत्र आलेले लोक याच ठिकाणी तुटलेले मी पाहिले आहेत.

सरळ रस्ता असा. वावर गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर संहितेचं कलम 42-ड लागू होतं का, हे तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. त्या पट्ट्यातली जमीन अकृषिक, म्हणजे बिगरशेती, करणं बरंच सोपं झालं आहे. मालकाला सांगा की अकृषिक आणि रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) मंजूर करून घेऊ, खर्च आम्ही वाटून घेतो, खरेदीखत त्यानंतर प्लॉटनिहाय होईल. तोवर इसार द्यायचाच असेल तर तो लहान असावा, नोंदणीकृत करारानं असावा, आणि परवानगी नाही मिळाली तर परत, असं त्यात लिहिलेलं असावं. मालक भला माणूस असेल तर मानेल. नाही मानला तर ती जमीन तुमच्यासाठी नव्हती असं समजा.

संस्था काढायची का? इथे माझं उत्तर बहुतेकांना अर्धवट वाटतं, पण विचार करून दिलेलं आहे. मन सांगतं की सगळी जमीन संस्थेच्या नावावर ठेवावी, म्हणजे कोणी विकून टाकणार नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2013 मध्ये 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली गावची सगळी जमीन ग्रामसभेच्या हवाली केली. त्या गावाबद्दल मला फार आदर आहे. पण त्यामागे अनेक वर्षांची सर्वसहमतीची सवय, अभ्यासगट, जंगलावरच्या हक्काची लढाई होती. तुमच्या 16 कुटुंबांना घरकुलाचे हप्ते हवे आहेत, आणि हप्ते व्यक्तीला मिळतात, जागेचा पुरावा व्यक्तीच्या नावाचा मागतात. जमीन संस्थेची आणि घर माझं, या मांडणीला गटविकास अधिकारी मान्यता देतील का हे आधी लेखी विचारल्याशिवाय त्या वाटेनं जाऊ नका.

मी सुचवतो ती मधली वाट आहे. प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावावर. एकट्या बाईचा तिच्या नावावर. रस्ता, विहिरीची जागा, मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या नावे करून द्यायची. आणि 16 जणांचा एक नोंदणीकृत करारनामा करायचा की प्लॉट विकायचा झाला तर आधी या गटाला विचारायचं, ठरलेल्या दरानं गट घेणार नसेल तरच बाहेर. "कधीच विकता येणार नाही" असं लिहून उपयोग नाही, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चं कलम 10 अशी सरसकट बंदी मानत नाही. पहिला हक्क गटाचा, एवढंच लिहायचं, आणि वकिलाकडून नीट लिहून घ्यायचं. एवढ्यासाठी नोंदणीकृत सहकारी संस्थेची गरज नाही. उद्या सामाईक पंप, सौर दिवे, सभागृह असं काही उभं राहिलं तर संस्थेचा विचार करा.

रेखांकनाचा हिशोब हाताशी ठेवा. एकर म्हणजे 40 गुंठे. 6 मीटरचा रस्ता, पाण्याची जागा, मुलांना खेळायला थोडी मोकळी जागा धरली की 10-11 गुंठे जातात. उरलेल्या 29-30 गुंठ्यांत घरटी साधारण 1.8 गुंठा, म्हणजे 1,950 चौरस फुटांच्या आसपास. घरकुलाचं घर 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. मागे गोठ्याला, शेळ्यांना, कोंबड्यांना, चुलीला, धुणीभांड्याला जागा राहते. हे आग्रहानं सांगतो, कारण शहरातून आराखडा आला की प्लॉट 500 फुटांचा होतो. आपल्याकडे कापूस घरात येतो, सरपण घरात येतं, पाहुणा ओसरीवर झोपतो. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्तांच्या 20 कुटुंबांना 1 हेक्टरवर घरटी 5 गुंठे धरले होते. खेड्यातल्या कुटुंबाला किती जागा लागते याचा तो प्रामाणिक अंदाज आहे.

रांगा योजनेप्रमाणे पाडू नका. रमाईवाले इकडे, कोलाम तिकडे, बाकीचे रस्त्याला, असं झालं की ती वस्ती पुढची शंभर वर्षं तशीच ओळखली जाते. ईश्वरचिठ्ठी काढा, आणि ती चिठ्ठी एखाद्या लहान मुलीच्या हातून ग्रामसभेत सगळ्यांसमोर काढा. अपंग माणूस किंवा एकटी म्हातारी असेल तर त्यांना पाण्याजवळचा प्लॉट आधी देऊन मग चिठ्ठ्या टाका. कोलाम कुटुंबांना मात्र वेगळं बसून विचारा. त्यांना पोड, म्हणजे त्यांची वस्ती, सोडून यायचं आहे का? पोडाला स्वतःचा देव असतो, नाईक असतो, आणि पोडातली घरं रांगेत नसतात. त्यांच्यासाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरासाठी 2 लाख मिळतात आणि त्यांच्या पोडाजवळच जागा निघत असेल तर तेच बरं. त्यांची 3 नावं तुमच्या 16 मध्ये बसतात म्हणून त्यांना ओढून आणू नका.

आता कंत्राटदार. प्रधानमंत्री आवास ग्रामीणच्या नियमांतच आहे की घर लाभार्थ्यानं बांधायचं, कंत्राटदार लावायचा नाही. मिस्त्री लावा, मजूर लावा, सेंट्रिंगवाला लावा, ते तुमचे. पण हप्ते दुसऱ्याच्या खात्यात वळवायचे आणि चावी हातात घ्यायची, हे नियमाबाहेर आहे. नियम बाजूला ठेवला तरी माझं कारण वेगळं आहे. 16 घरं एकदम घेणारा माणूस पायात बचत करतो, कारण पाया मातीखाली जातो आणि दिसत नाही. आणि आपल्या काळ्या मातीत घर पायातूनच फाटतं.

त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीचा एक कोपरा न्हाणीच्या पाण्यानं ओला आणि दुसरा कोरडा राहिला की घर तिरपं ओढलं जातं, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. म्हणून वावर घेण्याआधी त्यात तीन ठिकाणी माणूसभर खड्डे खणून बघा. चार-पाच फुटांत मुरूम लागला तर पाया मुरमावर न्या, वर जोत्याला सगळीकडून काँक्रीटचा पट्टा (प्लिंथ बीम) फिरवा, खड्ड्यात निघालेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम भरून पाणी मारून कुटा. मुरूम दहा-बारा फुटांवर असेल तर खोदत जाणं परवडत नाही. तिथे खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. साडेतीन मीटरपर्यंतचे पाइल हाताच्या यंत्रानंही पाडता येतात, आणि 16 घरांसाठी ते यंत्र एकदाच आणलं की खर्च वाटला जातो. घराभोवती तीन फुटांचा ओटा आणि न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब नेणारी पक्की नाली, ही दोन कामं शेवटच्या हप्त्यापर्यंत राहू देऊ नका.

याच कारणानं सुचवतो की त्याच मालकाकडे किंवा शेजाऱ्याकडे बरड जमीन आहे का ते विचारा. कापसाला जी जमीन नकोशी असते ती घराला उत्तम असते, आणि स्वस्तही मिळते. रस्त्यालगतची काळी कसदार जमीन 8 लाखांना घेऊन त्यात पायासाठी पुन्हा पैसे घालण्यापेक्षा, थोडं आत पांदणीवरची मुरमाड जमीन घेऊन पांदण पक्की करून मागणं बरं. फक्त नाल्याच्या पुराची रेषा कुठवर येते हे गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारून घ्या.

पैशाची गोळाबेरीज. तुमचा जिल्हा सपाट भागात धरला जातो, म्हणून घरकुलाचे 1,20,000. रोजगार हमीचे 90 दिवस, 2025-26 च्या 312 रुपये दरानं 28,080. शौचालयाचे 12,000. प्रधानमंत्री आवासच्या टप्पा 2 मधल्या घरांना राज्यानं 2025 मध्ये 50 हजार जोडले, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनेलचे, म्हणजे बांधकामाला 35 हजार. सगळं मिळून बांधकामासाठी 1,95,080. गडचिरोली-गोंदियात घरकुलाचे 1,30,000 आणि 95 दिवस धरतात. या रकमेत काँक्रीट स्लॅबचं 269 फुटांचं घर बाजारभावानं बसत नाही, हे मनाशी ठेवा. ते बसवायचं असेल तर दोनच वाटा आहेत: घरच्या माणसांचे हात आणि एकत्र खरेदी.

घरकुलांना 5 ब्रास रेती मोफत आहे, पण वाहतूक आपली. यादीतल्या 14 घरांची 70 ब्रास एकत्र मागितली तर ट्रॅक्टरवाल्याशी एकदाच ठरवता येतं. पावसाळ्यात घाटावरचा उपसा बंद असतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. सिमेंट मात्र एकत्र घेऊन साठवू नका, दोन महिन्यांत दमटपणानं गाठी होतात. दर एकत्र ठरवा, माल लागेल तसा उचला. सळाख, विटा, टिन, दारं-खिडक्या एकत्र घ्या. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा तुमच्यापर्यंत ट्रकभाड्यासकट कितीला पडतात आणि गावच्या भट्टीची लाल वीट कितीला, हे दोन्ही दर काढून बघा. उमेद अभियानातल्या बचतगटांनी काही तालुक्यांत घरकुल मार्ट (बांधकाम सामानाची दुकानं) चालवले आहेत. तुमच्या ग्रामसंघाला हे काम नक्की जमेल आणि गटाला चार पैसेही सुटतील.

अडचण येते ती वेळेची. हप्ता प्रत्येकाच्या खात्यात, कामाच्या टप्प्याप्रमाणे येतो. विटभट्टीवाला मात्र आधी पैसे मागतो. त्यासाठी ग्रामसंघाच्या निधीतून फिरती रक्कम ठेवा: हप्ता आला की आठ दिवसांत परत. घर बांधायला सावकाराकडून किंवा आठवडी हप्त्याच्या कर्जातून एक रुपयाही उचलू नका. छप्पर होण्याआधी व्याज सुरू होतं आणि बाई वेचणीची मजुरी थेट वसुलीवाल्याच्या हातात ठेवते. हिशोब दर आठवड्याला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, वाचता न येणाऱ्यांसाठी खास वाचा, आणि बिलं एका वहीत चिकटवून ठेवा.

छपराबद्दल लोकांशी वाद घालू नका, पण माहिती द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. नुसत्या टिनाखाली दुपारी माणूस बसू शकत नाही. कवेलू (कौल) थंड असतं, पण वानरं ते फोडतात, आणि दरवर्षी शाकारायला आता माणूस मिळत नाही. स्लॅब सगळ्यांना हवा असतो, कारण उद्या वर खोली काढता येईल ही आशा त्यात असते. ती आशा खरी आहे, तिचा मान ठेवा. मग निदान स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, 10 फुटांची उंची, समोरासमोर खिडक्या, आणि पश्चिमेला ओसरी काढा. ज्यांना कमी खर्चात थंड घर हवं असेल त्यांनी एकदा वर्ध्याला जाऊन यावं. 1976 पासून काम करणाऱ्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर केलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक बसवून कमानीचं छप्पर करण्याची रीत रुजवली आहे. तिथून सेवाग्रामची बापू कुटीही जवळ आहे. माती, बांबू आणि कवेलूचं घर नीट निगा राखली तर किती टिकतं हे डोळ्यांनी दिसतं.

कामाची वेळ पिकाशी जुळवा. कापूस वेचणीत घरात हात मोकळे नसतात, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी आटल्या की काँक्रीटला पाणी मारायला पाणी नसतं. म्हणून प्लिंथ जानेवारीअखेर, भिंती मार्चपर्यंत, छप्पर मेच्या आत. प्लास्टर राहिलं तर राहू द्या. 4-5 घरांचा गट करून एकमेकांच्या घरी आळीपाळीनं काम करा, आणि गावातल्या 2-3 तरुणांना 45 दिवसांच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात घाला. ते प्रशिक्षण प्रत्यक्ष घरकुल बांधतानाच होतं, म्हणजे घर उभं राहतं आणि गावाला मिस्त्रीही मिळतो.

राहिली यादीबाहेरची 2 कुटुंबं. तुम्ही त्यांच्याबद्दल शेवटी एका ओळीत लिहिलं आहे, पण माझ्या मते सगळ्या कामाचा कस इथेच लागतो. त्यांना जागा खरेदीची मदत मिळणार नाही, घरकुल मिळणार नाही, आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी म्हणेल की त्यांना वगळू, 14 जणांतच करू. तसं करू देऊ नका. रेखांकनात त्यांचे प्लॉट पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यांची जागेची रक्कम गटानं आज भरावी आणि त्यांनी ती मजुरीतून, इतरांच्या घरांवर काम करून फेडावी, असा ठराव लिहून घ्या. घरकुलासाठी नवी नावं घेणाऱ्या आवास प्लसच्या 2024 च्या सर्वेक्षणात त्यांचं नाव आलं होतं का, ते ग्रामसेवकांकडे तपासा. नसेल तर ग्रामसभेच्या ठरावासह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी ते हजर लागतात, तेवढी माणसं 16 कुटुंबं सहज जमवू शकतात. तोवर त्यांच्यासाठी एक खोली, मागे न्हाणी आणि पुढे ओटा, वर टिन, पण पाया मात्र पूर्ण घराचा, एवढं उरलेल्या सामानातून आणि सगळ्यांच्या श्रमातून उभं राहू शकतं. पुढे योजना मिळाली की त्याच पायावर बाकीचं घर चढतं.

आता लगेच करायचं ते. तलाठ्याकडून त्या वावराचा सातबारा आणि गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढा, गट नकाशा घ्या, आणि त्यावर गावठाणाच्या हद्दीपासूनचं अंतर टेपनं मोजून लिहा. शेजारच्या बरड जमिनींचेही सातबारे सोबत काढा. दीनदयाळ योजनेचे पैसे खरेदीखताआधी मिळतात की नंतर, आणि कोणाच्या खात्यात, हे पंचायत समितीत लेखी विचारा, म्हणजे मालकाशी बोलताना तारीख सांगता येईल. हे कागद आले की वर्ग आणि मालकीबद्दल मी आणखी नेमकं सांगू शकेन. जमीन नक्की झाली की भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा, आणि मोजणीच्या दिवशी 16 ही घरांतलं एकेक माणूस, शक्यतो बाई, आणि चारही बाजूंचे शेजारी धुऱ्यावर हजर ठेवा. खुंटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठोकले जाऊ द्या आणि पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊनच घरी या.